कुणी कुठली प्रत पाहिली?

बर्लिनच्या चित्रपट-परीक्षण कचेरीचं एक कार्ड आहे. तारीख १३ नोव्हेंबर १९२६. एका मूकपटात पडद्यावर उमटणाऱ्या साऱ्या पाट्या त्यावर क्रमवार उतरवलेल्या आहेत. मजकूर सगळा कारकुनी, मत एकही नाही. तरीही फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’वर जे काही लिहिलं गेलं त्यातला सर्वांत भरवशाचा कागद कुठला, असं कुणी विचारलं, तर मी याच कार्डाकडे बोट दाखवीन. समीक्षकांनी या चित्रपटाला काय म्हटलं ते शेकडो पानांत सापडतं. त्यात मुळात काय होतं, हे मात्र ऐंशी वर्षं या कार्डावरून, गॉटफ्रीड हुपर्ट्झने लिहिलेल्या संगीताच्या हस्तलिखितावरून आणि पटकथेवरून ताडावं लागलं. हुपर्ट्झच्या स्वरलिपीत पडद्यावरच्या प्रसंगांच्या हजाराहून अधिक खुणा आहेत. कुठे दार उघडतं, कुठे कुणी वळून पाहतं, हेसुद्धा.

गोष्ट ठाऊक असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. भविष्यातलं एक शहर आहे. वर मनोरे, बागा आणि मालकांची मुलं, खाली यंत्रं, त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा धनी योह फ्रेडरसेन, त्याचा मुलगा फ्रेडर, कामगारांना धीर देणारी मारिया, आणि मारियाचंच रूप दिलेली यंत्रबाई घडवणारा संशोधक रोटवांग. यंत्रबाई कामगारांना भडकवते, यंत्रं मोडतात, वस्तीत पाणी शिरतं. शेवटी चर्चच्या दारात मुलगा बापाचा आणि फोरमनचा हात एकमेकांत देतो. राबणारे हात आणि योजणारं डोकं यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, हा बोध. या बोधावरून गेली जवळजवळ शंभर वर्षं भांडण चालू आहे.

पहिला खेळ १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या उफा-पॅलास्ट आम त्सू या चित्रपटगृहात झाला. फितीची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे अडीच तासांचा खेळ. चित्रीकरण २२ मे १९२५ ला सुरू होऊन ३० ऑक्टोबर १९२६ ला संपलं होतं. खर्चाचा अंदाज १५ लाख मार्कांचा होता आणि तो ५० लाखांच्या पुढे गेला. चित्रपट काढणाऱ्या उफा कंपनीच्या जाहिरात खात्याने २५,००० पुरुष, ११,००० बायका आणि १,१०० टकलू माणसं घेतल्याचे आकडे छापले. ते पुढे पुस्तकांतून जसेच्या तसे उतरत राहिले. जाहिरात खात्याचा आकडा हा पुरावा कशाचा मानायचा? फार तर कंपनीला लोकांनी काय समजावं असं वाटत होतं, याचा. त्यापेक्षा बोलकी गोष्ट अशी, की कामगारांचे घोळके बेकारांतून उभे केले होते आणि पुराच्या दृश्यातली मुलं बर्लिनच्या गरीब मोहल्ल्यांतून आणली होती. त्या मुलांना गार पाण्यात दिवसच्या दिवस भिजावं लागलं.

दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्रांतले अभिप्राय उपलब्ध आहेत. ‘फिल्म-कुरिअर’मध्ये विली हासने लिहिलं. या माणसाचं नाव लक्षात ठेवावं, तो पुढे आपल्याकडे येणार आहे. हासची तक्रार अशी, की चित्रपट कुणालाच दुखवू पाहत नाही. थोडा ख्रिस्ती धर्म, थोडा समाजवाद, वर नीत्शेची फोडणी, असा सगळ्यांच्या पानात वाढायचा पदार्थ. त्याच दिवशी ‘बर्लिनर ब्योर्सेन-कुरिअर’मध्ये हर्बर्ट इहेरिंगनेही आशयावर झोड उठवली. दोघांनी दृश्यांचं कौतुक केलं आणि विचाराला नापास केलं. हा निकाल इतका लवकर लागला आणि इतका पक्का बसला, की पुढच्या पिढ्यांनी तो नव्याने तपासलाच नाही. पण एक गोष्ट या दोघांच्या बाजूची आहे. त्यांनी पाहिला तो पूर्ण चित्रपट.

बाकीच्यांचं काय?

उफा १९२५च्या अखेरीस कर्जबाजारी झाली होती. पॅरामाउंट आणि एमजीएम या अमेरिकन कंपन्यांनी ४० लाख डॉलरचं कर्ज देऊन तिला हात दिला आणि बदल्यात वाटपाचे हक्क घेतले. ‘मेट्रोपोलिस’ अमेरिकेत पोचला तेव्हा नाटककार चॅनिंग पोलॉककडे तो ‘सुधारायला’ दिला होता. पोलॉकने सुमारे हजार मीटर फीत कापली, पाट्या नव्याने लिहिल्या, आणि मार्च १९२७मध्ये न्यूयॉर्कच्या रिआल्टो चित्रपटगृहात जो झळकला तो हा सुधारलेला ऐवज. कापाकापीचं समर्थनही छापून आलं. १३ मार्चच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रँडॉल्फ बार्टलेटने समजावून सांगितलं, की मूळ कथेत हेल नावाची बाई आहे, आणि अमेरिकन प्रेक्षकाला ते नाव नरकासारखं ऐकू येईल. म्हणून हेल गेली.

हेल गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे पटकथेवरून कळतं. हेल ही रोटवांगची प्रेयसी. ती त्याला सोडून फ्रेडरसेनची झाली आणि फ्रेडरला जन्म देताना वारली. रोटवांगने तिचा पुतळा घरात ठेवला आहे. यंत्रबाई तो घडवतो ती गेलेल्या हेलच्या जागी, आणि मालकासाठी काम करता करता त्याच मालकाचं शहर बुडवायचा डाव रचतो. हा धागा काढला की रोटवांग उगाचच वेडा होतो, यंत्रबाई उगाचच बाई होते आणि मालक आपल्याच कामगारांना आपल्याच यंत्रांवर का सोडतो याला काही उत्तर राहत नाही. फ्रेडरच्या मागावर असलेला गुप्तहेर गेला. ११८११ हा क्रमांक मिरवणारा कामगार गेओर्गी मालकाच्या पोराचे कपडे घालून रंगेल वस्तीत भरकटतो, तोही प्रसंग गेला. जर्मनीतही पूर्ण प्रत मेच्या मध्यापर्यंतच टिकली. तोवर सुमारे १५,००० लोकांनीच ती पाहिली होती. दरम्यान वृत्तपत्रांचा मालक आल्फ्रेड हुगेनबर्गने उफा विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ३,२४१ मीटरची, जवळजवळ अमेरिकन वळणाची प्रत जर्मनीभर फिरू लागली.

आता १७ एप्रिल १९२७चा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पाहावा. या चित्रपटावरचा सर्वांत प्रसिद्ध लेख त्यात आहे, लेखक एच. जी. वेल्स. इतका मूर्ख चित्रपट आपण पाहिलेला नाही, अशीच त्याची सुरुवात. कारेल चापेकचे यंत्रमानव उचलले आहेत आणि स्वतः वेल्सच्या तीसेक वर्षांपूर्वीच्या कादंबरीतलेही तुकडे त्यात तरंगताहेत, असा आरोप. भविष्यातली विमानं आजच्याहून पुढची नाहीत, मोटारी १९२६ सालच्याच. गरीब खाली आणि श्रीमंत वर ही उभी उतरंडही शिळी, कारण शहरं आता आडवी पसरताहेत. रोटवांगचा यंत्रमानव नेमका कशासाठी, हेही त्याला कळत नाही. लेख झणझणीत आहे आणि अजून वाचनीय आहे. पण वेल्सने पाहिली ती आखूड प्रत. जिचं कारण कात्रीने पळवलं त्या गोष्टीला कारण नाही म्हणून तो रागावला आहे. हा राग पोलॉकच्या खात्यावर टाकायला हवा.

सगळा मात्र नाही. वेल्सचा एक आक्षेप कुठल्याही प्रतीला लागू पडतो आणि तोच खरा मोलाचा. यंत्रं वाढली की हमाली कमी होते, असं तो म्हणतो. मालाचं प्रचंड उत्पादन करणाऱ्या समाजाला माल विकत घेणारी माणसं लागतात, पिचलेले गुलाम नव्हे. म्हणजे यंत्रांच्या शहरात राबून मरणारे कामगार दाखवणं हे अर्थशास्त्राचं अज्ञान. हा मुद्दा बाजूला ठेवू, सुरतेला पोचल्यावर तो लागेल.

वेल्सनंतर पंधरा दिवसांनी माद्रिदच्या ‘ला गासेता लितेरारिया’त लुइस बुन्युएलने लिहिलं. बुन्युएल तेव्हा अजून दिग्दर्शक व्हायचा होता. त्याला ‘मेट्रोपोलिस’मध्ये पोटाशी पोट चिकटलेले दोन चित्रपट दिसले. एक दृश्यांचा, थक्क करणारा, दुसरा कथेचा, बाळबोध आणि गुळचट. मग त्याने वाटणी केली. थक्क करणारा तो लांगचा, गुळचट तो त्याच्या बायकोचा. ही वाटणी सगळ्यांनाच सोयीची होती. ती पुढे इतकी रूढ झाली की चित्रपटाबद्दल बोलताना चांगलं ते ‘त्याचं’ आणि फसलं ते ‘तिचं’, असा हिशेबच पडला.

तिचं नाव थेआ फॉन हार्बू. जन्म २७ डिसेंबर १८८८. लांगच्या भेटीआधीच ती नावाजलेली कादंबरीकार होती. १९१८ सालच्या तिच्या एका लोकप्रिय कादंबरीत हिंदुस्थानातल्या राजाची कबर बांधायला युरोपीय वास्तुशिल्पी येतो. हिंदुस्थान न पाहता लिहिलेला हिंदुस्थान, त्या काळच्या युरोपात अशा पुस्तकांना तोटा नव्हता. १९२२पासून १९३३पर्यंत ती लांगची बायको होती आणि ‘मेट्रोपोलिस’ची कादंबरी व पटकथा दोन्ही तिच्या हातची. जहाजाच्या कठड्यावरून न्यूयॉर्कचे मनोरे पाहिले तेव्हा आपल्याला चित्रपट सुचला, असं लांग आयुष्यभर सांगत राहिला. तो अमेरिकेला गेला ऑक्टोबर १९२४मध्ये. पटकथेचं काम त्याच्या आधी, त्या उन्हाळ्यातच चालू होतं. न्यूयॉर्कने त्याला देखावा दिला असेल, गोष्ट दिली नाही.

१९३३ साली दोघांचा घटस्फोट झाला. लांग जर्मनी सोडून गेला, हार्बू राहिली, नाझी राजवटीत पटकथा लिहीत राहिली आणि पुढे पक्षाची सभासदही झाली. चित्रपटाच्या नशिबात यामुळे दुसरा खटला आला. झीगफ्रीड क्राकाउअरने १९४७ साली जर्मन सिनेमाचा जो इतिहास लिहिला त्यात ‘मेट्रोपोलिस’चा शेवट नाझी प्रचाराशी नेऊन भिडवला. मालक-कामगारांचं मनोमीलन आणि न्यूरेंबर्गच्या १९३४च्या मेळाव्यात लोकांचं हृदय जिंकण्याविषयी प्रचारमंत्री गोबेल्स जे बोलला ते, ही एकच जात, असं त्याचं म्हणणं. पुष्टीला त्याने लांगची साक्ष दिली. गोबेल्सने लांगला बोलावून सांगितलं म्हणे, की हिटलरने आणि आपण हा चित्रपट एका लहान गावात पाहिला आणि हिटलरने तेव्हाच ठरवलं की नाझींचे चित्रपट याच माणसाने करावेत.

या भेटीचा पुरावा तपासण्यासारखा आहे. लांगच्या सांगण्याप्रमाणे गोबेल्सशी बोलून तो बाहेर पडला तेव्हा बँका बंद झाल्या होत्या. तो त्याच रात्री गाडीत बसला आणि थेट पॅरिसला गेला. गोष्टीत लय आहे, घड्याळाचे काटे आहेत, खिडकीतून दिसणारा चौकसुद्धा आहे. पण लांगचा पासपोर्ट शिल्लक आहे. स्वीडिश अभ्यासक य्योस्ता वेर्नरने त्यावरचे शिक्के १९९०मध्ये छापले. त्यांवरून लांग १९३३च्या जून-जुलैत अनेकदा जर्मनीबाहेर गेला आणि परत आला, हे स्पष्ट होतं. गोबेल्सच्या रोजनिशीत भेटीची नोंद नाही. लांगने जर्मनी सोडली आणि नाझींशी संबंध ठेवला नाही, हे खरंच. फक्त तो ज्या रात्री गेला असं सांगे, त्या रात्री गेला नाही. म्हणजे ‘मेट्रोपोलिस’ हिटलरला आवडत होता या सर्वतोमुखी वाक्याचा उगम एकाच माणसात आहे, आणि त्याच्या त्या दिवसाच्या हकिगतीला कागद साथ देत नाहीत. क्राकाउअरचा तर्क त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा आधार तेवढा पातळ होतो.

हार्बूच्या आयुष्यातला एक मराठी माणूस या खटल्यात साक्षीला काढायलाच हवा. आयी गणपत तेंडुलकर. बेळगावकडचे, जर्मनीत शिकायला गेलेले, पत्रकारिता करणारे, आणि हार्बूपेक्षा सतरा वर्षांनी लहान. लांगचं आणि तिचं लग्न मोडलं त्याच सुमारास तेंडुलकर तिच्या आयुष्यात आले आणि दोघांनी गुपचूप लग्न केलं. गुपचूप अशासाठी, की नामवंत जर्मन लेखिकेने काळ्या हिंदी माणसाशी लग्न करणं नव्या राजवटीला मानवणारं नव्हतं. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर हिंदुस्थानात परतले, बेळगावात पत्रकारितेत आणि राजकारणात पडले, आणि युद्धाची बरीच वर्षं इंग्रजांच्या तुरुंगात राहिले. पुढे त्यांचं लग्न इंदुमती गुणाजींशी ठरलं. गांधीजींनी दोघांना अटी घातल्या, काही वर्षं दूर राहायला लावलं आणि १९४५च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला ते लग्न लावून दिलं. या दांपत्याची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी घरातला पत्रव्यवहार आणि आठवणी जुळवून २०१३ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यामुळे ही हकिगत आता कागदावर आहे. (गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे ते दी. गो. तेंडुलकर, हे नव्हेत. दोघांची गल्लत होते.)

युद्धानंतर ब्रिटिशांनी हार्बूला १९४५च्या उन्हाळ्यात छावणीत ठेवलं. आपण पक्षात गेलो ते जर्मनीतल्या हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून, असं तिने सांगितलं. चौकशीला सामोऱ्या गेलेल्या माणसाचा हा जबाब आहे आणि जबाबाला द्यायची तेवढीच किंमत त्याला द्यावी. पण जिने १९३३नंतर बर्लिनमध्ये एका तेंडुलकरांशी चोरून संसार केला, तिला वंशवादाची भाबडी पुजारीण म्हणून एका ओळीत निकालात काढता येत नाही. तिला निर्दोष ठरवायलाही हा संसार पुरत नाही. तो सोसत असताना ती ज्या राज्याची पटकथाकार होती, त्या राज्यातून दुसऱ्या असंख्यांना पळावं लागत होतं.

त्या पळालेल्यांत विली हास होता. ‘मेट्रोपोलिस’वर दुसऱ्याच दिवशी लिहिणारा हा प्रागचा ज्यू समीक्षक १९३३ला बर्लिन सोडून प्रागला गेला आणि १९३९मध्ये मुंबईला आला. मुंबईत तो मोहन भवनानींच्या चित्रसंस्थेत पटकथा लिहू लागला. भवनानी स्वतः तरुणपणी जर्मनीत उफामध्ये सिनेमा शिकलेले. त्यांचा १९३४चा ‘मजदूर’ किंवा ‘द मिल’ हा या साऱ्या प्रकरणातला आपल्याकडचा सर्वांत जवळचा दुवा. कथा-संवाद प्रेमचंदांचे. गिरणीचा मालक मरतो, मुलगा उधळ्या, मुलगी कनवाळू, कामगारांचा संप होतो. स्वतः प्रेमचंद पंचायतीच्या प्रमुखाच्या छोट्या भूमिकेत पडद्यावर येऊन जातात. म्हणजे इथेही मध्यस्थ आहेच. तरी मुंबईच्या सेन्सॉर मंडळाने चित्रपटावर बंदी घातली, आणि त्या मंडळावर गिरणीमालकांचा माणूस बसलेला होता. बनारसला प्रेमचंदांच्या स्वतःच्या छापखान्यातल्या कामगारांनीच संप केला, अशी आख्यायिका या चित्रपटामागे चिकटलेली आहे. ‘मजदूर’ची प्रत आज उपलब्ध नाही. कात्रीला फार मेहनत पडली नाही, सगळाच गेला.

बर्लिनच्या चित्रपटाची पूर्ण प्रत मात्र एका ठिकाणी चुकून वाचली होती. अडोल्फो विल्सन नावाच्या अर्जेंटिनाच्या वितरकाने कापाकापीपूर्वीच ती विकत घेऊन ब्यूनोस आयर्सला नेली. तिथल्या प्रेक्षकांनी १९२८मध्ये सबंध चित्रपट पाहिला. तो निरर्थक आहे की नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे फिती मान्वेल पेन्या रोद्रिगेस या समीक्षकाच्या संग्रही आल्या, तिथून सरकारी निधीकडे गेल्या, १६ मिलिमीटरवर उतरवल्या गेल्या आणि १९९२मध्ये शहरातल्या सिनेमा संग्रहालयात येऊन पडल्या. फर्नांदो पेन्या या अभ्यासकाला संशय आला तो गप्पांतून. सिनेक्लब चालवणारे एक गृहस्थ कुरकुरत होते, की या चित्रपटाच्या खेळाला फीत उडू नये म्हणून दोन तासांहून अधिक वेळ प्रक्षेपकावर बोट दाबून बसावं लागलं. दोन तास? जगात कुठेच त्या चित्रपटाची इतकी लांबी उरलेली नव्हती. २००८मध्ये पेन्या आणि संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिएर यांनी डबे उघडले. सुमारे पंचवीस मिनिटांची हरवलेली दृश्यं त्यात निघाली, ओरखड्यांनी भरलेली. ती कुठे बसतात हे हुपर्ट्झच्या स्वरलिपीने सांगितलं. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन आणि फ्रँकफर्टमध्ये तो पुन्हा दाखवला गेला. मालक आणि रोटवांग यांची झटापट आणि एका साधूचं प्रवचन अजूनही नाही. तिथे पाट्या घालून काम भागवलं आहे.

या प्रतीनंतर जुने अभिप्राय पुन्हा वाचावे लागतात. रोटवांगचा शोक आणि सूड परत आला, पाळत ठेवणारा हेर परत आला, गेओर्गीची एक रात्र परत आली. कथानक विस्कळीत आहे हा आरोप बराचसा कात्रीवर जातो, आणि ज्या बाईने ते विणलं तिच्या नावावरून उतरतो. शेवटचं हस्तांदोलन मात्र सगळ्या प्रतींत होतं आणि आहे. ते गुळचटच आहे. लांग उतारवयात म्हणाला होता, की हृदयाची मध्यस्थी ही परीकथा, मूळ कल्पना हार्बूबाईंची, पण चित्रपट मी केला, तेव्हा निदान अर्धी जबाबदारी माझी. बुन्युएलपेक्षा ही वाटणी मला जास्त प्रामाणिक वाटते.

आता वेल्सचा बाजूला ठेवलेला मुद्दा. यंत्रं वाढली की हमाली कमी होते, हा. तो सुरतेत तपासून पाहू. ताप्ती लाईनने भुसावळहून निघालेली गाडी सुरतेला पोचते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गाने येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा भरून टाकलं. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. लूमवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत त्यांच्याबरोबर ओडिशाच्या गंजामचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे लोक आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत श्रमिकांचा अभ्यास करत आले. सुरतेच्या लूमवरची बारा तासांची पाळी त्यांच्या लेखनात वारंवार येते. ‘मेट्रोपोलिस’मध्ये कामगारांचं वेगळं घड्याळ आहे, दहा तासांचं. चित्रपटात ते अमानुष दिसावं म्हणून टांगलेलं आहे. सुरतेतली पाळी त्याहून दोन तास मोठी, आणि इथे यंत्रांची वाण नाही. वेल्सला वाटलं होतं की माल घेणारा गिऱ्हाईक म्हणून तरी कामगार जगवावा लागेल. सुरतेचं कापड देशभर आणि देशाबाहेर खपतं. त्यासाठी ते विणणाऱ्याने ते विकत घ्यायची गरज पडत नाही.

शहराच्या दक्षिणेला सचिनची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कापड-छपाईच्या एका कारखान्यात राहुल जैनने ‘मशीन्स’ हा माहितीपट चित्रित केला. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये तो अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. लहानपणी जैन सुरतेतल्या आजोबांच्या गिरणीत भटकत असे. म्हणजे हाही वरून खाली उतरलेला मालकाघरचा मुलगा, फ्रेडरसारखा. फरक एवढाच की हा पटकथेतला नाही. निवेदन जवळजवळ नाही. कॅमेरा वाफेतून, रंगाच्या पिंपांमधून, अंधाऱ्या बोळांतून लांबलांब फिरतो. यंत्रापुढे पेंगणारा एक मुलगा आहे, डोकं खाली जातं, पुन्हा वर येतं. गेओर्गीच्या जागी उभं राहून घड्याळाचे काटे धरताना फ्रेडरची जी दशा होते, ती इथे कुणी अभिनय न करता आहे. मालक सीसीटीव्हीच्या पडद्यावर कामगारांवर नजर ठेवून बसला आहे आणि सांगतो की पोट भरलं की यांची निष्ठा कमी होते. फ्रेडरसेनसुद्धा आपल्या मनोऱ्यातून भिंतीवरच्या पडद्यावर फोरमनशी बोलतो. तो १९२७ साली भविष्यातला चमत्कार होता.

माहितीपटात एका जागी कामगारांचा जमाव जैनच्या कॅमेऱ्याभोवती गोळा होतो. आम्ही काय करावं ते सांगा, आम्ही करतो, असं ते म्हणतात. नाहीतर तुम्हीही बाकीच्यांसारखे बघाल आणि निघून जाल. थोडक्यात, मध्यस्थ व्हा, अशी ती मागणी आहे. हार्बूने ज्या जागी चर्चची पायरी आणि दोन हात ठेवले, तिथे जैनने काहीच ठेवलं नाही, आणि निदान माझ्या मते ते योग्य केलं. जानेवारी २०१७मध्ये सनडान्स महोत्सवात ‘मशीन्स’ला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. ते छायाचित्रणाला होतं.